कॅटॅलिस्ट चालतो ४०० डिग्रीला, मग आयआर लिक्विड नायट्रोजनवर कशासाठी?

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तू एच-झेडएसएम-५ झिओलाइटवर (बारीक छिद्रांचं, अॅसिड साइट असलेलं सिलिकॉन-अॅल्युमिनियमचं ऑक्साइड) काम करतोयस. रूम टेम्परेचरला कार्बन मोनॉक्साइड (सीओ) सोडून एफटीआयआर (कुठला इन्फ्रारेड, म्हणजे आयआर प्रकाश शोषला जातो त्याचा स्पेक्ट्रम) काढलास, शेजारच्या मुलाच्या प्लॅटिनम-अॅल्युमिनावर मस्त दणदणीत पीक आला आणि तुझ्या झिओलाइटवर सरळ रेघ. गाईड म्हणाले लिक्विड नायट्रोजनवर काढ. आणि तुला वाटतंय की रिअॅक्शन होते ४०० डिग्री सेल्सिअसला, तर उणे १९६ ला काढलेल्या स्पेक्ट्रमचा तिच्याशी संबंध काय, हा नुसता पेपरात छान दिसावं म्हणून केलेला उद्योग तर नाही ना. (अरे-तुरे करतेय, रागावू नकोस, या कामात माझी वीसेक वर्षं गेली आहेत आणि पहिल्या वर्षी हाच प्रश्न मीही विचारला होता, फक्त इतक्या मोठ्याने नाही.)

शंका बरोबर आहे. पण तू धरून चाललायस की थंड करून आपण कॅटॅलिस्टचं काम बघतो. तसं नाहीये. थंड करून आपण साइट, म्हणजे रेणू बसतो त्या जागा, मोजतो आणि ओळखतो. दुकान बंद असताना माल मोजायला जातो तसं समज. गिऱ्हाइकांच्या गर्दीत मोजणी होत नाही.

आधी हे बघ की रूम टेम्परेचरला तुला काही का दिसलं नाही. रेणू पृष्ठभागावर किती वेळ टिकतो याचा एक जुना साधा हिशोब आहे, टिकण्याचा वेळ म्हणजे १० चा उणे १३ वा घात सेकंद, गुणिले ई चा घात बंधाची ऊर्जा भागिले आरटी (आर म्हणजे गॅसचा स्थिरांक, टी म्हणजे केल्विनमधलं तापमान). झिओलाइटच्या अॅसिड साइटवर सीओ साधारण २५ ते ३० किलोज्यूल प्रति मोल एवढ्याच ऊर्जेने बसतो. ३० धर. ३०० केल्विनला हा वेळ येतो सुमारे १७ नॅनोसेकंद. १०० केल्विनला तोच वेळ येतो पावणेआठ-आठ मिनिटं. आणि ७७ केल्विनला साडेआठ महिने! रेणू तोच, साइट तीच, फक्त तापमान बदललं. प्लॅटिनमवर सीओ शंभराच्या वर, बऱ्याचदा सव्वाशे किलोज्यूलच्या पुढे ऊर्जेने चिकटतो म्हणून शेजारच्या मुलाला रूम टेम्परेचरला आरामात दिसला, त्यात त्याची काही हुशारी नाही. तुझ्याकडे तो येतो, टेकतो न टेकतो तोच निघून जातो, आणि कुठल्याही एका क्षणी साइटवर बसलेले इतके थोडे असतात की नॉइजमध्ये बुडून जातात.

मग प्रश्न येतो की एवढा हलका बसणारा रेणू घ्यायचाच कशाला, पिरिडीन घे की, ते १५० डिग्रीलाही टिकतं. घे ना, पिरिडीन जरूर कर, १५४५ सेंटिमीटर इन्व्हर्सला ब्रॉन्स्टेड (प्रोटॉन देणारी साइट) आणि १४५५ ला लुईस (इलेक्ट्रॉनची जोडी घेणारी), हे आपल्याकडे प्रत्येक एमएस्सीच्या पोराला पाठ असतं. पण पिरिडीन इतका दणकट बेस आहे की कमी अॅसिड काय, जास्त अॅसिड काय, सगळ्यांचा प्रोटॉन उचलतो आणि सगळे एकाच १५४५ मध्ये जमा. किती साइट आहेत ते सांगतो, कशा आहेत ते फारसं सांगत नाही. सीओ प्रोटॉन उचलत नाही, फक्त ओएचच्या टोकाला हलकेच टेकतो, हायड्रोजन बाँड करतो, आणि त्या ओएचचा पीक किती खाली घसरला यावरून ती साइट किती तिखट आहे ते कळतं. आणि सीओ एवढासा आहे की झिओलाइटच्या बारीक पोअरमध्येही आरामात जातो, जिथे पिरिडीन अडकतं.

आकडे सांगते, हे वहीत लिहून ठेव. मोकळ्या सीओचं कंपन २१४३ ला (सगळे आकडे सेंटिमीटर इन्व्हर्समध्ये, परत परत लिहीत नाही). तुझ्या झिओलाइटचा अॅसिड ओएच ३६१० च्या आसपास, सिलॅनॉल (सिलिकॉनवरचा साधा ओएच) ३७४५ ला. थंड करून थोडाथोडा सीओ सोडलास की ३६१० हळूहळू खाली बसायला लागतो आणि ३३०० च्या आसपास एक रुंद, गलेलठ्ठ बँड उगवतो, म्हणजे घसरण ३०० च्या वर. त्याच वेळी सीओच्या बाजूला २१७५ ला पीक येतो. हे दोन्ही एकत्र वाढायला पाहिजेत, कारण ती एकाच घटनेची दोन टोकं आहेत. अॅसिड साइट भरत आल्या की मग सीओ सिलॅनॉलकडे वळतो, ३७४५ फक्त ९० च्या आसपास घसरतो, म्हणजे ती साइट किती मवाळ ते बघ, आणि सीओ बाजूला २१५७ चा खांदा दिसतो. आणखी सोडलास तर २१३८-२१४० ला पोअरमध्ये नुसता भरलेला, जवळपास द्रवासारखा सीओ. आणि झिओलाइटमधून निसटलेलं अॅल्युमिनियम असेल तर २२२० ते २२३० च्या पट्ट्यात एक छोटा पण महत्त्वाचा पीक, तो लुईस साइटचा, आणि तो सगळ्यात आधी येतो कारण तिथे सीओ जास्त घट्ट बसतो. हा क्रम, म्हणजे कोण आधी आलं आणि कोण नंतर, हीच खरी माहिती आहे. एकच भलामोठा डोस सोडून एकच स्पेक्ट्रम काढणारी लोकं मला कळतच नाहीत, अख्खा पिच्चर सोडून शेवटची फ्रेम बघितल्यासारखं.

तुझ्या मित्राच्या धातूवर गणित उलटं चालतं. तिथे सीओ धातूला थोडे इलेक्ट्रॉन देतो आणि धातू त्याच्या रिकाम्या पाय (π) ऑर्बिटलमध्ये इलेक्ट्रॉन परत ढकलतो, १९६४ मध्ये ब्लायहोल्डरने मांडलेलं हे चित्र अजूनही रोजच्या कामाला पुरतं. परत ढकललेले इलेक्ट्रॉन सीओचा स्वतःचा बंध सैल करतात, म्हणून पीक २१४३ च्या खाली जातो, प्लॅटिनमच्या एका अणूवर उभा असेल तर २०५० ते २१००, दोन अणूंवर पूल बांधून बसला तर १८५० च्या आसपास. तुझ्याकडे अॅसिड साइट किंवा पॉझिटिव्ह आयन आहे, तो काही परत देत नाही, नुसतं इलेक्ट्रिक फील्ड लावतो, म्हणून पीक २१४३ च्या वर जातो. थोडक्यात २१४३ ही वेशीची रेघ समज, कुठल्या बाजूला आहेस ते आधी बघ, टेबल नंतर उघड.

इतिहास दोन वाक्यांत. १९४० च्या दशकात लेनिनग्राडला तेरेनिन आणि त्यांच्या लोकांनी सच्छिद्र काचेवरच्या ओएचचे आयआर काढायला सुरुवात केली, आणि १९५४ मध्ये अमेरिकेत बीकनच्या टेक्साको लॅबमध्ये आयशन्स, प्लिस्किन आणि फ्रान्सिस यांनी धातूवर बसलेला सीओ दाखवला. आपण आज जे थंड सेल (सॅम्पल ठेवायची बंद, थंड करता येणारी कुपी) वापरतो त्यामागे मुख्यतः सेंट पीटर्सबर्गच्या सिगानेन्को आणि इटलीत तुरिनच्या झेक्किना यांच्या ग्रुपची परंपरा आहे, त्यामुळे जुने पेपर शोधायचे तर या नावांनी शोध.

आता प्रत्यक्ष काम. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण नव्वद टक्के वाट इथेच लागते.

वेफर (पावडर दाबून केलेली चकती) पातळ पाहिजे, प्रति चौरस सेंटिमीटर १० मिलिग्रॅमच्या आसपास, केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड) अजिबात मिसळायचा नाही, पावडर नुसती स्वतःच्या जोरावर उभी राहिली पाहिजे. प्रेसवर जीव काढून दाब देऊ नकोस, झिओलाइटची रचना दाबाने खराब होते, आणि वेफर डायला (प्रेसच्या साच्याला) चिकटत असेल तर मध्ये बटर पेपरची चकती घाल, हा सल्ला कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही पण आमच्या पिढ्यानपिढ्या चालत आलाय. मग व्हॅक्यूमखाली हळूहळू ४५० डिग्रीपर्यंत नेऊन काही तास ठेव. हळूहळू हा शब्द महत्त्वाचा आहे, पाणी आत असताना घाई केलीस तर स्वतःच्या वाफेतच झिओलाइट भाजून निघतं, अॅल्युमिनियम बाहेर पडतं, आणि मग तू तो २२२५ चा पीक शोध म्हणून छापशील, जो तूच तयार केलायस.

मग सेलच्या खिडक्या, ज्यांतून आयआर बीम आत-बाहेर जातो. मुंबईत किंवा कोकणपट्टीत कुठेही काम करत असशील तर जुलैमध्ये केबीआरच्या खिडक्या दुधासारख्या पांढऱ्या होतात, आम्ही दर पावसाळ्यात त्या घासत बसायचो, बोटं आणि खिडकी दोन्ही झिजली. मग एकदा कुणीतरी साधी गोष्ट विचारली की आपलं झिओलाइट तर १३०० च्या खाली स्वतःच अपारदर्शक आहे, तिथून काही प्रकाश येतच नाही, तर ४०० पर्यंत बघणारी केबीआर खिडकी हवी कशाला? कॅल्शियम फ्लोराइड ११०० च्या आसपास बंद होतं, पाण्याला दाद देत नाही, काम झालं. फक्त त्याला अचानक गरम-थंड सोसत नाही, तडकतं, त्यामुळे खिडक्या सेलच्या बाहेरच्या, उबदार बाजूला असल्या पाहिजेत, थंड फक्त वेफरच्या आजूबाजूचा भाग. आणि बाहेरून कोरडी हवा सतत फुंकत ठेव, नाहीतर दव धरतं.

आता थंड करताना. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) ८० केल्विन दाखवतोय म्हणजे वेफर ८० ला आहे असं अजिबात समजू नकोस. थर्मोकपल धातूच्या ब्लॉकवर आहे, वेफर व्हॅक्यूममध्ये दोन कडांवर लटकतंय आणि वरून आयआर बीम त्याला शेकतोय. वेफर १०० किंवा त्याच्याही वर असतं, आणि मघाच्या हिशोबात ७७ आणि १०० मध्ये किती फरक पडला ते तू बघितलंसच, महिन्यांची मिनिटं झाली. उपाय म्हणजे सेलमध्ये एखादा मिलिबार हेलियम सोडायचा. हेलियम वेफरवर बसत नाही, स्पेक्ट्रममध्ये दिसत नाही, फक्त उष्णता वाहून नेतो. आणि थीसिसमध्ये लिहिताना ७७ केल्विन असं छातीठोक लिहू नकोस, सुमारे १०० लिही, परीक्षक जाणकार असेल तर खूश होईल.

बॅकग्राउंड! हे तर मी फळ्यावर लिहून ठेवायचे. सीओ सोडायच्या आधीचा स्पेक्ट्रम त्याच थंड तापमानाला काढायचा, रूम टेम्परेचरचा वजा करायचा नाही. ओएचचे पीक नुसतं थंड केल्याने काही सेंटिमीटर इन्व्हर्स वर सरकतात आणि अरुंद होतात, मग वजाबाकीत वर-खाली, वर-खाली असे आकार येतात आणि माणूस त्यांना केमिस्ट्री समजतो. धातू सिलिकावर असेल तर आणखी एक गंमत, सिलिकाचे स्वतःचे ओव्हरटोन (मूळ कंपनाच्या पटीतले पीक) २००० ते १८५० मध्ये बसलेले असतात, म्हणजे बरोब्बर तिथे जिथे तू पुलावर बसलेला सीओ शोधतोयस.

सीओ सोडताना सिलिंडर ते सेल मध्ये लिक्विड नायट्रोजनचा ट्रॅप ठेव. कमी दाबाला सीओ त्यात गोठत नाही, पण पाणी अडकतं, आणि लोखंडी सिलिंडरमध्ये उभा राहून सीओने बनवलेलं आयर्न कार्बोनिल पण अडकतं. ते अडकलं नाही तर २०००-२०३० च्या आसपास सुंदर पीक देतं, आणि लोक त्याला धातूवरचा सीओ म्हणतात, सॅम्पलमध्ये धातू नसतानाही. डोस ठरलेल्या छोट्या आकाराच्या कोठीतून, दाब मोजून, प्रत्येक डोसनंतर थांबून पीक स्थिर होऊ दे, मग स्कॅन. २ चं रिझोल्यूशन, १२८ स्कॅन, पुष्कळ झालं.

माझा एक फजितीचा किस्सा सांगते, नाव-गाव न सांगता. पोस्टडॉक असताना दोन आठवडे माझ्या प्रत्येक थंड स्पेक्ट्रममध्ये ३२५० ला रुंद बँड यायचा, सकाळी बारीक, दुपारी मोठा. ३२५० म्हणजे बर्फ, हे कुणीही सांगेल. म्हणजे सेलमध्ये पाणी येतंय. मी सेल तीन वेळा उघडला, सगळ्या ओ-रिंग बदलल्या, ट्रॅप बदलला, हेलियम लीक डिटेक्टर लावला, काही नाही. शेवटी वैतागून एक दिवस सेलच काढून बाजूला ठेवला आणि नुसत्या हवेचा, रिकाम्या बीमचा स्पेक्ट्रम तासातासाने काढला. बँड हजर! बर्फ सॅम्पलवर नव्हता, डिटेक्टरवर होता. एमसीटी (मर्क्युरी-कॅडमियम-टेल्युराइड) डिटेक्टर स्वतः लिक्विड नायट्रोजनवर चालतो, त्याच्या फ्लास्कचं व्हॅक्यूम वर्षानुवर्षांनी ढिलं पडतं, आत ओल शिरते आणि थंड एलिमेंटवर गोठते. खूण अशी की पूर्वी एकदा भरलं की दिवसभर पुरायचं ते आता दुपारीच संपायला लागतं. ही खूण मला रोज दिसत होती, मी रोज कुरकुरत परत भरत होते, पण डोक्यात आलं नाही. तेव्हापासून माझा नियम, कुठल्याही नव्या बँडवर विश्वास ठेवण्याआधी सेल काढून रिकामा बीम बघायचा.

दुसरा सापळा मी स्वतः नाही पण रिव्ह्यू करताना अनेकदा बघितलाय. निसर्गातल्या कार्बनमध्ये १.१ टक्के कार्बन-१३ असतोच. त्याचा सीओ जड असल्याने वारंवारता ०.९७८ पट होते, म्हणजे २१७५ च्या मोठ्या पीकसोबत २१२७ ला एक इवलासा पीक येणारच येणार. त्याला नवीन साइट म्हणायचं नाही. पण याच भागात खराखुरा मजेदार पीकही असतो. सोडियमवाल्या झेडएसएम-५ वर सीओ कार्बनकडून बसला तर २१७६ च्या आसपास, आणि उलटा होऊन ऑक्सिजनकडून बसला तर २११२ ला. हो, उलटा बसतो! ऊर्जेचा फरक जेमतेम ४ किलोज्यूल. आणि हे सिद्ध कसं केलं बघ, तापमान थोडं थोडं वाढवलं की २१७६ च्या तुलनेत २११२ चा वाटा वाढतो, कारण उष्णता मिळाल्यावर महागडी बैठक परवडायला लागते. कार्बन-१३ चा पीक असता तर त्याचा वाटा तापमानाने हललाच नसता. एकाच तापमानाला काढलेल्या एकाच स्पेक्ट्रमवरून हे दोन वेगळे करणं अवघड होतं.

म्हणून मी म्हणते की खरा प्रयोग थंड करण्यात नाही, परत हळूहळू गरम करण्यात आहे. बंद सेलमध्ये सीओ ठेवायचा, तापमान चढवत न्यायचं, प्रत्येक टप्प्याला पीकची उंची, दाब आणि तापमान तिन्ही नोंदवायचं. यावरून व्हॅन्ट हॉफचा आलेख (समतोल तापमानाने कसा बदलतो त्याचा) काढला की बसण्याची एन्थाल्पी आणि एन्ट्रॉपी दोन्ही मिळतात, कॅलरीमीटर न वापरता, आणि तेही प्रत्येक पीकची वेगळी. कॅलरीमीटर सगळ्या साइटचा मिळून एकच आकडा देतो. गॅरोने आणि ओतेरो आरेआन यांनी ही पद्धत नीट मांडली, झिओलाइटवाल्यांनी ती वाचलीच पाहिजे. एक अट आहे, त्या तापमानांना साइट आणि गॅस यांच्यात समतोल पाहिजे, म्हणजे अगदी थंडीत जिथे रेणू जागचा हलतच नाही ते बिंदू आलेखात घ्यायचे नाहीत.

तांब्याचं उदाहरण तर मी प्रत्येक बॅचला देते. कॉपर-झेडएसएम-५ मध्ये कॉपर-वन (एक धन प्रभार असलेल्या) आयनवर रूम टेम्परेचरला पंप केल्यावर एक सीओ राहतो, २१५७ ला. सीओचा दाब वाढव, दुसरा येऊन बसतो, तो पीक जातो आणि २१७८ आणि २१५१ ची जोडी येते. लिक्विड नायट्रोजनवर ने, तिसराही येतो, आता २१९२, २१६७ आणि २१३७. कुणी फक्त थंड स्पेक्ट्रम बघितला तर म्हणेल तीन प्रकारच्या कॉपर साइट आहेत. साइट एकच, पाहुणे तीन. आणि २१७८ बघून कुणी ब्रॉन्स्टेड अॅसिड म्हणेल, कारण टेबलात २१७५ तेच लिहिलंय. टेबलं मला म्हणून आवडत नाहीत. पण यातून जी गोष्ट कळते ती मोलाची आहे, की त्या कॉपरभोवती तीन पाहुण्यांना पुरेल एवढी मोकळी जागा आहे, आणि हे रूम टेम्परेचरला कधीच कळलं नसतं.

उंचीवरून एक राहिलं, पीकची उंची म्हणजे साइटची संख्या नव्हे. हायड्रोजन बाँड झालेल्या ओएचचा बँड मूळ ओएचपेक्षा कित्येक पट जोरदार शोषतो, म्हणून ३३०० चा डोंगर बघून साइट वाढल्या असं समजू नकोस, ३६१० किती कमी झाला ते मोज. धातूवर तर त्याहून वाईट, शेजारी बसलेले सीओ एकमेकांशी बोलतात, वरच्या वारंवारतेवाला खालच्याची तीव्रता पळवतो. ते तपासायचं तर कार्बन-१२ आणि कार्बन-१३ चे सीओ मिसळून बघायचं, पण तो वेगळा विषय आहे आणि कार्बन-१३ चा सिलिंडर महाग आहे, तुला त्याची गरज नाही.

आता तुझ्या मूळ शंकेकडे, ४०० डिग्रीच्या रिअॅक्शनशी संबंध काय. खरं सांगायचं तर थंड स्पेक्ट्रमवरून तुला रिअॅक्शनचा वेग कळणार नाही, मधल्या पायऱ्याही कळणार नाहीत, आणि थंडीत सीओ सगळ्याच साइटवर बसतो, कामाच्या आणि बिनकामाच्याही. ज्यांनी थंड सीओच्या एका पीकवरून मेकॅनिझम लिहून टाकलंय त्यांच्यावर विश्वास ठेवू नकोस. पण दोन झिओलाइट आहेत, दोन्हीत पिरिडीनने मोजलेल्या साइट सारख्या, आणि एकाची अॅक्टिव्हिटी जास्त, तर ३६१० ची घसरण, २२२५ चा लुईस पीक आणि मवाळ साइटचा वाटा बघून का याचा अर्धा उलगडा होतो. एच-वाय झिओलाइटवर ती घसरण तुझ्या झेडएसएम-५ पेक्षा कमी येते आणि साइटमागे त्याची अॅसिडिटीही मवाळ मानली जाते, हा मेळ उगीच नाही.

आणि काही कॅटॅलिस्ट थंडीतही काम करतात बरं का. जपानच्या हारुताने १९८७ मध्ये दाखवलं की सोन्याचे बारीक कण योग्य ऑक्साइडवर ठेवले तर उणे ७० डिग्रीलाही सीओ जाळतात. सोनं, ज्याला आपण काही न होणारा धातू समजतो! पण ऑक्सिजन नेमका कुठे तुटतो, सोन्यावर की ऑक्साइडवर, यावर वर्षानुवर्षं वाद. २०११ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात जॉन येट्स यांच्या ग्रुपने टायटेनियावरच्या (टायटेनियमच्या ऑक्साइडवरच्या) सोन्यावर हेच थंड आयआर लावलं. टायटेनियावरचा सीओ २१७९ ला, सोन्यावरचा त्याच्या बराच खाली, म्हणजे दोघं वेगळे दिसतात. १२० केल्विनच्या आसपास ऑक्सिजन सोडला आणि कोणता पीक किती वेगाने संपतो ते नुसतं बघत बसले. टायटेनियावरचा सीओ भराभर संपला. पण सोन्याशिवाय नुसत्या टायटेनियावर ती रिअॅक्शन झाली नाही. म्हणजे काम कुठे होतंय? दोघांच्या शिवेवर, जिथे सोन्याचा कण टायटेनियाला टेकतो, तिथे ऑक्सिजन एक हात सोन्याला आणि एक टायटेनियमला देऊन बसतो आणि सीओ टायटेनियावरून घरंगळत त्या बांधाशी येतो. रूम टेम्परेचरला हे इतकं झटपट होतं की कोण आधी संपलं ते कळलंच नसतं, आणि २१७९ चा सीओ तर टिकलाही नसता. इथे थंडी म्हणजे स्लो मोशन. (त्यांची सॅम्पल धरायची पद्धतही बघ, पावडर टंगस्टनच्या जाळीत दाबलेली, करंट सोडला की गरम आणि मागून लिक्विड नायट्रोजनने थंड. आपल्या लटकत्या वेफरपेक्षा तापमान खूपच खात्रीचं.)

तर तू काय करायचं. तुझ्याकडे एकच सॅम्पल असेल तर थांब, एकट्या सॅम्पलचे आकडे कुणालाही काही सांगत नाहीत. सोबत एक साधं, माहितीतलं एच-झेडएसएम-५ घे आणि एक असं ज्याला तू मुद्दाम स्टीमिंग करून थोडं बिघडवलंयस. तिन्ही एकाच दिवशी होणार नाहीत, एका सॅम्पलला एक पूर्ण दिवस धर, आदल्या संध्याकाळी अॅक्टिव्हेशन लाव, सकाळी थंड बॅकग्राउंड, मग दहा-बारा छोटे डोस, मग थोडा जास्तीचा सीओ, आणि दुपारनंतर सेल बंद ठेवून हळूहळू गरम करत जा, दर १०-१५ केल्विनला एक स्पेक्ट्रम. आमच्या सेलला यात १५-२० लिटर नायट्रोजन जायचा, वाटेत संपला तर अख्खा दिवस वाया, म्हणून टाकी भरलेली आहे का ते आदल्या दिवशीच बघ.

सुरक्षेचं थोडं, कंटाळवाणं असलं तरी वाच. सीओला वास नाही, रंग नाही, म्हणून सेन्सरशिवाय सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडायचा नाही, पंपाचा एक्झॉस्ट फ्यूमहूडमध्येच पाहिजे. आणि ट्रॅपमध्ये लिक्विड नायट्रोजन असताना लाइनमध्ये हवा शिरू द्यायची नाही. ऑक्सिजन ९० केल्विनला द्रव होतो, नायट्रोजनचा ट्रॅप त्याच्याहून थंड, म्हणजे लीक असेल तर ट्रॅपमध्ये ऑक्सिजन गोळा होतो, फिकट निळा दिसतो, आणि पंपाचं तेल किंवा साचलेलं काही सेंद्रिय त्याला भेटलं तर स्फोट. निळं काही दिसलं तर ट्रॅपला हात लावू नकोस, झाकू नकोस, वॉल्व्ह बंद करून कोंडू तर अजिबात नकोस, बाहेर पडायला वाट मोकळी ठेव, सगळ्यांना खोलीबाहेर काढ आणि सीनियरला बोलाव.

पहिला रन झाला की २१७५ कडे धावू नकोस, आधी ३६१० च्या वजाबाकीचा उलटा पीक आणि ३३०० चा बँड एका चित्रात डोसनुसार टाक. दोन्ही सोबत वाढत नसतील तर वेफरचं तापमान नाहीतर बॅकग्राउंड गंडलंय, तेव्हा ते दोन आकडे आणि थर्मोकपल नेमका कुठे लावलाय ते मला कळव, मग पुढचं बघू.